झाकलेल्या खिडकीचे काय करायचे?

संगणकाच्या पडद्यावर एकाच वेळी दोन प्रोग्रॅम चालू झाले की जागेचा प्रश्न उभा राहतो, कारण पडदा एकच असतो आणि त्यावर हक्क सांगणारे अनेक असतात. प्रत्येक प्रोग्रॅमला चित्र काढण्यासाठी मिळालेल्या चौकोनी जागेला विंडो, म्हणजे खिडकी, म्हणतात. आणि कोणती खिडकी कुठे उघडायची, तिची रुंदी-उंची किती ठेवायची, दोन खिडक्या एकाच जागी आल्या तर वर कोणती आणि खाली कोणती, कीबोर्डवर दाबलेले अक्षर त्यांपैकी कोणाकडे पोचवायचे, हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅमला विंडो मॅनेजर असे नाव आहे. वापरणाऱ्याला तो सहसा जाणवत नाही. शीर्षपट्टी, तिच्या कोपऱ्यातील बंद करण्याची फुली आणि धरून ओढता येणारी किनार एवढेच त्याचे दृश्य रूप असते. परंतु कमी मेमरीच्या, जुन्या किंवा मुद्दाम स्वस्त बनवलेल्या संगणकावर यंत्र चपळ वाटणार की रखडणार हे याच प्रोग्रॅमच्या निर्णयांवर पुष्कळ अंशी अवलंबून असते.

अशा संगणकांसाठी घडवलेल्या व्यवस्थेला ‘हलकी’ म्हणतात. हा हलकेपणा सावल्या, पारदर्शक कडा आणि सरकती दृश्ये काढून टाकल्याने येतो असा सर्वसाधारण समज आहे आणि तो अगदीच चुकीचा नाही. पण शोभा हा एकूण खर्चाचा लहान भाग असतो. मोठा खर्च एका साध्या प्रश्नाभोवती साचतो, आणि तो प्रश्न असा की एक खिडकी दुसरीवर आली की खालच्या खिडकीच्या झाकलेल्या भागाचे काय करायचे. टेबलावरचा कागद दुसऱ्या कागदाखाली गेला तरी त्यावरची अक्षरे जागच्या जागी राहतात. पडद्यावरच्या ठिपक्यांना ही सोय नसते, कारण एका ठिपक्याला एका वेळी एकच रंग असतो आणि वरच्या खिडकीने तो बदलला की खालचा रंग गेलेला असतो. तो कुठेतरी जपून ठेवायचा, की लागेल तेव्हा पुन्हा काढून घ्यायचा, की मुळात काही झाकलेच जाणार नाही अशी मांडणी करायची, या तीन उत्तरांतून आजवरच्या बहुतेक पद्धती निघाल्या आहेत, आणि प्रत्येक उत्तराचा भुर्दंड वेगळ्या ठिकाणी पडतो: पहिल्याचा मेमरीवर, दुसऱ्याचा प्रोसेसरवर आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर, तिसऱ्याचा वापरणाऱ्याच्या सवयींवर.

जानेवारी १९८४ मध्ये बाजारात आलेला पहिला मॅकिंटॉश या हिशेबासाठी सोयीचा आहे, कारण त्यातले आकडे हाताने मांडता येतील इतके लहान आहेत. त्याच्या पडद्यावर ५१२ ठिपक्यांच्या ३४२ ओळी होत्या, प्रत्येक ठिपका एक तर काळा नाही तर पांढरा होता, म्हणून पूर्ण पडद्याचे चित्र साठवायला २१,८८८ बाइट लागत. आणि यंत्राची सगळी मेमरी १२८ केबी, म्हणजे १,३१,०७२ बाइट होती. याचा अर्थ पडद्यावर काहीही दिसायचे म्हटले तरी मेमरीचा सहावा हिस्सा खर्ची पडत असे, आणि पडद्याएवढ्या चार खिडक्यांची चित्रे वेगळी जपायचे ठरवले असते तर आणखी चार हिस्से संपून संपूर्ण प्रणालीला आणि चालू प्रोग्रॅमला मिळून एकच हिस्सा उरला असता. त्यामुळे जपून ठेवण्याचा मार्ग बंदच होता. बिल अ‍ॅटकिन्सन या अ‍ॅपलमधील प्रोग्रॅमकारांनी यावर ‘क्षेत्र’ या कल्पनेतून तोड काढली: खिडकीचा जो भाग प्रत्यक्ष दिसतो आहे त्याचा आकार, तो कितीही वेडावाकडा असला तरी, अतिशय आटोपशीर रीतीने नोंदवायचा आणि प्रोग्रॅम काहीही काढू लागला तरी त्या आकाराबाहेरचे ठिपके बदलूच द्यायचे नाहीत. झाकलेली खिडकी त्यामुळे वरच्या खिडकीला धक्का न लावता स्वतःचा दिसणारा तुकडा रंगवत राहू शकली, आणि वरची खिडकी बाजूला झाली की नव्याने उघडा पडलेला तेवढाच भाग प्रोग्रॅमकडून पुन्हा काढून घेता येऊ लागला. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात आपण हेच पाहिले अशा समजुतीने त्यांनी ते घडवले, प्रत्यक्षात मात्र तिथल्या प्रणालीला ते येत नव्हते, ही हकिगत पुढे प्रसिद्ध झाली.

१९८५ च्या अमिगा संगणकाने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या आणि ती रचना अजूनही अभ्यासण्याजोगी आहे. खिडकी उघडताना प्रोग्रॅमलाच सांगावे लागे की झाकला गेलेला भाग प्रणालीने जपावा की नंतर आपणच पुन्हा काढून देऊ. जपायचे ठरले तर प्रणाली संपूर्ण खिडकीची नक्कल न करता फक्त झाकलेल्या तुकड्यांपुरती मेमरी बाजूला काढी. खर्च कोणी सोसायचा हा निर्णय अशा तऱ्हेने उघडपणे विचारला गेला, जो बहुतेक प्रणाल्यांनी वापरणाऱ्याच्या आणि प्रोग्रॅमकाराच्या नकळत घेऊन टाकला.

त्याच काळात काहींनी प्रश्नच उद्भवू न देण्याचा मार्ग धरला होता. शहाबादी फरशी बसवताना एक फरशी दुसरीवर चढत नाही, कडेला कड लागते आणि सगळी जमीन भरून निघते. पडद्याची तशी वाटणी करणाऱ्या पद्धतीला टाइलिंग म्हणतात आणि मराठीत तिला फरशी पद्धत म्हणणे चुकीचे ठरू नये. १९८१ मध्ये आलेल्या झेरॉक्स स्टार या संगणकावरील कागदपत्रांच्या खिडक्या आरंभी अशाच एकमेकींना टेकून राहत, आणि नोव्हेंबर १९८५ मधील विंडोजच्या पहिल्या आवृत्तीतही मुख्य खिडक्या एकमेकींवर चढू शकत नसत, फक्त छोट्या प्रश्नचौकटी तेवढ्या वर येत. १९८७ मधील दुसऱ्या आवृत्तीने एकावर एक खिडक्यांची पद्धत स्वीकारली, आणि अ‍ॅपलने १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर जो खटला भरला त्यातील वादाच्या मुद्द्यांत एकमेकींवर येणाऱ्या खिडक्याही होत्या. तेव्हापासून सामान्य वापरणाऱ्याच्या मनात खिडकी म्हणजे सरकवता येणारा कागद हेच चित्र रुजले आणि फरशी पद्धत मागासलेली मानली जाऊ लागली.

हा निवाडा घाईचा होता असे म्हणायला आधार आहे. सारा ब्लाय आणि जॅरेट रोझेनबर्ग यांनी १९८६ मध्ये दोन्ही पद्धतींची तुलना करणारा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की मजकूर खिडकीच्या आकारात सहज मावणारा असेल तर फरशी पद्धतीत काम लवकर उरकते, आणि मजकूर तसा बसणारा नसून खिडक्यांची वारंवार हलवाहलव करावी लागत असेल तर एकावर एक पद्धत उपयोगी ठरते, पण तीही मुख्यतः सरावलेल्या वापरणाऱ्यांना. म्हणजे कोणती पद्धत चांगली याचे उत्तर कामाच्या स्वरूपात आणि माणसाच्या सरावात आहे. एका कारखान्याने एकच मांडणी ठरवून ती सर्वांना द्यावी हे म्हणूनच पटण्यासारखे नव्हते, आणि नेमक्या याच ठिकाणी एक्स विंडो सिस्टिमचे महत्त्व सुरू होते.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९८४ मध्ये बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी एक्सची सुरुवात केली, १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली, आणि युनिक्स व लिनक्सच्या जगात पुढची तीन दशके बहुतेक सगळे चित्रदर्शी काम तिच्यावरच चालले. साधन पुरवावे, धोरण ठरवू नये, हे तिच्या कर्त्यांचे तत्त्व होते. त्यानुसार पडदा, माउस आणि कीबोर्ड सांभाळणारा एक मूळ प्रोग्रॅम असतो, त्याला सर्व्हर म्हणतात. आणि खिडक्यांची मांडणी ठरवणारा विंडो मॅनेजर त्याहून वेगळा, इतर कोणत्याही प्रोग्रॅमसारखाच एक साधा प्रोग्रॅम असतो. त्याला फक्त एक खास अधिकार मिळतो: एखादी नवी खिडकी पडद्यावर येऊ पाहत असेल, किंवा असलेली खिडकी जागा वा आकार बदलू पाहत असेल, तर ती विनंती थेट अमलात न येता आधी त्याच्याकडे वळवली जाते, आणि हा अधिकार एका वेळी एकाच प्रोग्रॅमला देता येतो. विंडो मॅनेजर मग त्या खिडकीभोवती स्वतःची चौकट घालतो, शीर्षपट्टीवर तिचे नाव लिहितो, योग्य वाटेल तिथे तिला बसवतो किंवा विनंती सरळ नाकारतो. चालू मॅनेजर बंद करून दुसरा सुरू केला तरी उघडे असलेले प्रोग्रॅम बंद पडत नाहीत, त्यांच्या चौकटी तेवढ्या बदलतात. घरातली माणसे तशीच राहून फक्त दारे-खिडक्यांची लाकडे बदलावीत, तसा हा प्रकार असतो.

या एका निर्णयामुळे मांडणीचा हक्क यंत्र विकणाऱ्याकडून वापरणाऱ्याकडे आला, आणि हलक्या पद्धतींची एवढी विविधता जी एक्सच्या आसऱ्याने वाढली ती अन्यत्र कुठेही वाढू शकली नाही. टॉम लास्ट्रेंज यांनी १९८७ मध्ये टीडब्ल्यूएम लिहिला. रॉबर्ट नेशन यांनी १९९३ मध्ये त्याच्याच आधारे, पण मेमरी कमी खाणारा, एफव्हीडब्ल्यूएम तयार केला. पुढे आइसडब्ल्यूएम, ब्लॅकबॉक्स, ओपनबॉक्स, जेडब्ल्यूएम असे अनेक आले, आणि पपी लिनक्ससारखी जुन्या संगणकांना पुन्हा चालते करणारी वितरणे यांच्याच जोरावर उभी राहिली. यांतील बहुतेक एका-दोघांनी फावल्या वेळात लिहिलेले आहेत, हे विसरता येत नाही. एवढ्या महत्त्वाच्या जागी बसणारा प्रोग्रॅम एका माणसाच्या आवाक्यात राहिला, ही मूळ रचनेचीच पुण्याई आहे.

झाकलेल्या भागाविषयी एक्सचे मूळ उत्तर विस्मरणाचे होते. सर्व्हर तो भाग जपण्याचे बंधन घेत नसे. वरची खिडकी सरकली की खालच्या प्रोग्रॅमला ‘तुझा इतका भाग उघडा पडला आहे’ असा निरोप जाई आणि तो भाग पुन्हा काढणे ही त्या प्रोग्रॅमची जबाबदारी असे. मेमरी यात फारच वाचते, परंतु एखादी मोठी खिडकी पडद्यावरून ओढत नेली तर प्रत्येक पावलागणिक खालच्या सगळ्या खिडक्यांना असे निरोप जाऊ लागतात, आणि त्यांतला एखादा प्रोग्रॅम कामात गुंतलेला असेल तर त्याच्या जागी वरच्या खिडकीचे ओघळ उमटलेले दिसतात. संथ संगणकावर हा अनुभव पुष्कळांच्या ओळखीचा असेल. हलक्या मॅनेजरांनी यावर काढलेला उपाय साधा आणि सुंदर होता: खिडकी ओढताना तिचा मजकूर हलवायचाच नाही, फक्त रेघांची रिकामी चौकट हलवायची आणि माउसचे बटण सोडले की एकदाच सगळे नव्या जागी काढायचे. एफव्हीडब्ल्यूएममध्ये तर पडद्याच्या क्षेत्रफळाच्या पाच टक्क्यांपर्यंतची लहान खिडकी मजकुरासकट हलवावी आणि त्याहून मोठी असेल तर रेघांची चौकट दाखवावी असा मुळातला नियम आहे, आणि ही मर्यादा वापरणाऱ्याला बदलता येते. आभासी डेस्कटॉप, म्हणजे एकाच पडद्याचे अनेक अदृश्य पडदे कल्पून खिडक्या त्यांच्यात वाटून ठेवणे, हाही याच काटकसरीचा भाग म्हणता येईल. जो पडदा समोर नाही त्यावरच्या खिडक्या काही काढत नाहीत, आणि समोरच्या पडद्यावर गर्दी कमी झाल्याने एकमेकींना झाकणेही कमी होते.

कीबोर्डवरचे अक्षर कोणाकडे जावे, याचेही दोन प्रघात याच मॅनेजरांमुळे शेजारी शेजारी नांदले. एकात खिडकीवर क्लिक केल्याशिवाय ती ऐकत नाही, तर दुसऱ्यात माउसचा बाण जिच्यावर असेल तिच्याकडे अक्षरे जातात, मग ती अर्धी झाकलेली का असेना. दुसरा प्रघात नवख्याला गोंधळात टाकतो, परंतु वरच्या खिडकीतला मजकूर वाचत खालच्या खिडकीत टिपणे लिहिता येतात ही त्याची सोय एकदा अंगवळणी पडली की सोडवत नाही.

मराठी वाचकाच्या दृष्टीने हलकेपणाची एक किंमत मात्र स्पष्ट सांगायला हवी, कारण या विषयावरच्या लेखनात तिचा उल्लेख क्वचितच होतो. रोमन अक्षरे एकापुढे एक ठेवली की शब्द तयार होतो. देवनागरीत तसे होत नाही. ‘मि’ साठवताना आधी म आणि नंतर ऱ्हस्व वेलांटी अशा क्रमाने साठवतात, परंतु दाखवताना वेलांटी म च्या आधी यावी लागते. ‘क्ष’सारख्या जोडाक्षरांसाठी दोन-तीन चिन्हांच्या ऐवजी एकच वेगळा आकार निवडावा लागतो. हे काम करणारा प्रोग्रॅमचा भाग वेगळा असतो, आणि तो वगळला की मॅनेजर आणखी हलका होतो. एक्सच्या आरंभीच्या ठिपक्यांच्या फाँटांवर चालणाऱ्या मॅनेजरांत तो नव्हताच; डीडब्ल्यूएम हा आजही वापरात असलेला मॅनेजर मूळ रूपात एक्सएफटी या ग्रंथालयातून, म्हणजे तयार संहितेच्या संग्रहातून, अक्षरे काढतो, त्यात अशी जुळणी होत नाही, म्हणून ‘मिरची’ नावाच्या फाइलचे शीर्षक त्याच्या पट्टीवर मोडलेले दिसते. ओपनबॉक्स मात्र पँगो या ग्रंथालयाचा आधार घेतो, आयथ्री या मॅनेजरलाही तसे सांगता येते, आणि तिथे तेच शीर्षक नीट वाचता येते. जुळणी करणाऱ्या आणि न करणाऱ्या मॅनेजरांच्या मेमरीतला फरक आजच्या मानाने किरकोळ आहे. ज्या हलकेपणासाठी एखाद्या भाषेला तिचे अक्षर नीट मिळत नाही तो हलकेपणा त्या भाषेच्या माणसांसाठी अपुराच आहे, असे येथे ठामपणे म्हणावे लागते.

दरम्यान फरशी पद्धत एका वेगळ्या वर्गात पुन्हा रुजली. २००० च्या सुमारास आलेल्या आयन आणि रॅटपॉइझन या मॅनेजरांनी माउसची गरजच कमी करून टाकली, २००६ मध्ये डीडब्ल्यूएम आला, २००७ मध्ये हास्केल भाषेत लिहिलेला एक्समोनॅड आणि २००९ मध्ये मायकल स्टापेलबर्ग यांचा आयथ्री. यांपैकी डीडब्ल्यूएमच्या कर्त्यांनी संपूर्ण मॅनेजर दोन हजार ओळींच्या आत ठेवण्याची मर्यादा स्वतःवर घालून घेतली आहे, आणि त्यातील कोणतीही गोष्ट बदलायची असेल तर मूळ संहितेतली एक फाइल बदलून प्रोग्रॅम पुन्हा बांधावा लागतो. त्याची मांडणी समजायला सोपी आहे: पडद्याचे दोन उभे भाग होतात, डावीकडचा मुख्य भाग रुंदीच्या पंचावन्न टक्के असतो आणि त्यात हातातल्या कामाची खिडकी बसते, उरलेल्या सगळ्या खिडक्या उजव्या भागात एकाखाली एक मावतात, आणि नवी खिडकी आली की मुख्य जागा तिला मिळून आधीची उजवीकडे सरकते. आयथ्रीची रचना झाडासारखी आहे. कोणत्याही खिडकीच्या जागेचे आडवे वा उभे दोन भाग करता येतात, त्या भागांचेही पुन्हा भाग होतात, आणि एखाद्या फांदीवरच्या सर्व खिडक्या एकाच जागी कप्प्यांसारख्या रचून फक्त त्यांची शीर्षके दिसू देता येतात. पहिल्यात मांडणी ठरलेली असून खिडक्या तिच्यात फिरतात, दुसऱ्यात मांडणी वापरणारा हाताने घडवत जातो.

फरशी पद्धतीत काहीच झाकलेले नसल्यामुळे ओढाओढ नाही, निरोपांचा भडिमार नाही, आणि खिडकी शोधण्यात जाणारा वेळ नाही. दिवसभर लिहिण्याचे, प्रोग्रॅम तयार करण्याचे किंवा दोन कागद पडताळण्याचे काम करणाऱ्यांना ती का आवडते हे यावरून कळते. परंतु तिच्याही अडचणी खऱ्या आहेत. प्रत्येक नव्या खिडकीबरोबर जुन्यांचा आकार बदलतो आणि आकार बदलला की आतला मजकूर पुन्हा मांडावा लागतो, म्हणजे झाकण्याचा खर्च वाचवून आकार बदलण्याचा खर्च पत्करलेला असतो. शिवाय ‘फाइल जतन करायची का?’ असे विचारणारी छोटी चौकट अर्ध्या पडद्याएवढी ताणली गेली तर ती हास्यास्पद दिसते, म्हणून अशा चौकटींना तरंगत्या ठेवण्याची सवलत जवळजवळ सर्वच फरशी मॅनेजरांना द्यावी लागली आहे. १९८५ च्या विंडोजने केलेली तडजोड वीस वर्षांनी पुन्हा करावी लागली, इतका तो प्रश्न मूलभूत आहे.

पडदा फारच लहान असेल तर वाटणीत अर्थ उरत नाही, आणि मग एका वेळी एकच खिडकी, तीही पूर्ण पडदाभर, हा मार्ग राहतो. मॅचबॉक्स नावाचा मॅनेजर हातात मावणाऱ्या यंत्रांसाठी असाच बनवला होता आणि २००५ च्या नोकिया ७७० मध्ये, जिथे मेमरी ६४ एमबी होती, तो वापरला गेला. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या उपक्रमाच्या एक्सओ संगणकावरची शुगर ही व्यवस्थाही आरंभी याच मॅनेजरवर चाले. रायगड जिल्ह्यातील खैरात या छोट्या गावाच्या शाळेत २००७ मध्ये या संगणकांचा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला, तेव्हा तिथल्या मराठी मुलांना संगणकाची पहिली ओळख झाली ती ओढायच्या आणि एकमेकींवर रचायच्या खिडक्यांविनाच. २५६ एमबी मेमरी आणि साडेसात इंचांचा पडदा असलेल्या त्या यंत्रावर प्रत्येक काम संपूर्ण पडदा घेई, आणि मागे मागे सरकत आपले घर, आपला गट व सगळा शेजार दाखवणारी दृश्ये क्रमाने येत; खिडक्यांच्या गर्दीची जागा माणसांच्या वर्तुळांनी घेतली होती. मुलांसाठी केलेली ही सोपी व्यवस्था दुय्यम नव्हती. पुढे कोट्यवधी लोकांच्या हाती आलेल्या स्मार्टफोनने तोच एकखिडकी मार्ग धरला.

मेमरी स्वस्त होत गेली तसे झाकलेल्या भागाचे पहिले उत्तर, म्हणजे सगळेच जपून ठेवणे, परवडू लागले. या पद्धतीत प्रत्येक खिडकी पडद्यावर न काढता मेमरीतल्या आपल्या स्वतंत्र फलकावर पूर्णपणे काढली जाते, आणि कंपॉझिटर नावाचा प्रोग्रॅम हे सगळे फलक योग्य क्रमाने एकत्र करून पडद्यावर उमटवतो. खिडकी कितीही वेगाने ओढली तरी खालच्या कोणालाही काही काढावे लागत नाही, ओघळ उमटत नाहीत, सावल्या आणि पारदर्शकता जवळजवळ आपोआप मिळते. किंमत मात्र आकड्यांत दिसते: १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर पूर्ण आकाराच्या एका खिडकीला, प्रत्येक ठिपक्यामागे चार बाइट धरून, सुमारे ८३ लाख बाइट लागतात, म्हणजे अशा बारा खिडक्या जवळपास १०० एमबी घेतात, आणि बहुतेक प्रोग्रॅम एक फलक दाखवला जात असताना दुसऱ्यावर काढत असल्याने प्रत्यक्ष हिशेब त्याहून वर जातो. चार जीबीच्या संगणकाला हे जाणवत नाही; २०१२ मधील पहिल्या रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकाला, ज्यात चित्रांसाठीची मेमरी धरून एकूण २५६ एमबी होती, हे झेपणारे नव्हते.

रास्पबेरी पायचा पुढचा प्रवास म्हणूनच या विषयात विशेष बोलका आहे. त्याची अधिकृत व्यवस्था कितीतरी वर्षे ओपनबॉक्सवर चालली. २०२१ च्या आवृत्तीत दोन जीबी किंवा अधिक मेमरी असलेल्या यंत्रांना मटर हा कंपॉझिटर दिला गेला आणि त्याहून कमी मेमरीच्या यंत्रांवर ओपनबॉक्सच राहिला, म्हणजे एकाच नावाच्या व्यवस्थेत मेमरी पाहून उत्तर बदलले गेले. २०२३ मध्ये नव्या यंत्रांसाठी वेफायर आला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वच यंत्रांसाठी लॅबडब्ल्यूसी हा कंपॉझिटर स्वीकारण्यात आला, जो ओपनबॉक्सच्या धर्तीवर आणि त्याच्याच पद्धतीच्या मांडणी-फाइली वाचणारा आहे. जुन्या हलक्या मॅनेजरचा स्वभाव नव्या पायावर उतरवता येतो, हे यातून दिसले, आणि शोभा बाजूला ठेवली तर सगळे जपणारी पद्धतही बऱ्यापैकी हलकी राहू शकते हेही दिसले.

हा नवा पाया म्हणजे क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेले वेलँड. त्यात सर्व्हर, कंपॉझिटर आणि विंडो मॅनेजर ही तीन कामे एकाच प्रोग्रॅममध्ये आली. निरोपांची ने-आण कमी झाली, एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या खिडकीत किंवा कीबोर्डवर डोकावण्याची एक्समधली मोकळीक बंद झाली, आणि अर्धवट काढलेले चित्र पडद्यावर दिसण्याचा दोषही राहिला नाही. परंतु ज्या वेगळेपणामुळे एकट्या माणसाला काही हजार ओळींत स्वतःचा मॅनेजर लिहिता येत होता ते वेगळेपण यात गेले, कारण आता मॅनेजर लिहायचा म्हणजे पडदा आणि कीबोर्ड हाताळण्यापासून सुरुवात करावी लागते. डब्ल्यूएलरूट्स या सामायिक ग्रंथालयाने हे ओझे पुष्कळ उतरवले आहे; आयथ्रीच्या मांडण्या तशाच्या तशा चालवणारा स्वे, डीडब्ल्यूएमच्या आकाराचा डीडब्ल्यूएल आणि वर उल्लेखलेला लॅबडब्ल्यूसी हे सर्व त्याच्यावरच उभे आहेत. तरीही खिडक्यांची मांडणी आणि पडद्याची मालकी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याचा एक्सचा निर्णय अधिक उदार होता, आणि तो सोडताना झालेली हानी खरी आहे.

वेलँडमध्ये झाकलेल्या खिडकीला तिचा फलक असतो, पण फलक असणे आणि त्यावर काढत राहणे या निराळ्या गोष्टी आहेत, आणि काटकसरीची नवी जागा तिथेच सापडली आहे. पुढचे चित्र काढण्यास आता योग्य वेळ आहे, असा निरोप कंपॉझिटर प्रत्येक खिडकीला देत असतो. खिडकी पूर्ण झाकलेली असेल किंवा दुसऱ्या आभासी डेस्कटॉपवर असेल, तर तो निरोप थांबवण्याची त्याला मुभा आहे. मग त्या खिडकीचे शेवटचे चित्र मेमरीत तसेच राहते आणि नीट लिहिलेला प्रोग्रॅम काढण्याचे श्रम थांबवतो, ज्यामुळे प्रोसेसर शांत राहतो आणि लॅपटॉपची बॅटरी अधिक टिकते. ज्या प्रोग्रॅमांची रचना मात्र ‘चित्र काढल्याशिवाय पुढचे पाऊल टाकायचे नाही’ अशी आहे, त्यांची यात कोंडी होते. काही खेळ झाकले गेले की त्या निरोपाची वाट पाहत जागच्या जागी थबकतात, त्यांचे आतले काम आणि इतर यंत्रांशी चाललेले बोलणेही खोळंबते, आणि कोणी तरी वरची खिडकी बाजूला करीपर्यंत ते तसेच थांबून राहतात.